राजाची अडीच घरं

मी देवाजी मेश्रामांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी एका बँकेच्या साहेबांचा पंजा पटावर दाबून धरला होता आणि पंजाखालून रक्त येत होतं.

साहेबांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी हत्ती एका घरात ठेवला, बोटं सोडली आणि मग "अरे अरे, एक मिनट भैया" म्हणत तो परत उचलायला गेले. देवाजींनी त्यांचं मनगट पकडलं आणि हत्तीसकट हात खाली आपटला. हत्तीही लाकडाचा नव्हता, चौकोनी डोक्याचा लोखंडी बोल्ट होता. तो तळव्यात रुतला. साहेब ओरडले, खुर्ची मागे पडली. देवाजी मात्र अगदी शांतपणे म्हणाले, "पहले खून पोंछो साहब. घर नहीं दिख रहा."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसून पोट भरते, त्यामुळे रक्ताचं मला काही वाटत नाही. मी पर्समधून कापूस काढला, साहेबांचा तळवा पुसला, पट्टी बांधली. क्लबातला माझा तो पहिला दिवस होता. देवाजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खेळाले आली का पट्ट्या बांधाले?"

"खेळायला."

"मंग बस. अन चाल वापस मागशीन त तुह्यासाठी पन बोल्ट हाय."

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात हनुमान चौकाजवळ एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर आमचा हा बुद्धिबळाचा क्लब भरतो. दर रविवारी दुपारी. चार टेबलं, एक पंखा, आणि पंख्याखालची जागा कोणाची यावरून होणारी भांडणं, एवढीच त्याची मालमत्ता. चाळिशी उलटल्यावर मी तिथे गेले, कारण मोबाईलवर अनोळखी लोकांशी खेळून खेळून आपण बऱ्या खेळतो असा मला भ्रम झाला होता. देवाजींनी तो अकरा चालींत उतरवला.

ते तेव्हा सदुसष्ट-अडुसष्टचे असतील. मँगनीजच्या खाणीत जन्मभर ब्लास्टर होते. म्हणजे दगडात भोकं पाडून, त्यात दारू भरून, ती उडवून द्यायची. कान अर्धे गेलेले, म्हणून आवाज नेहमी दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बोलल्यासारखा. मान आखूड, उजवा पंजा फावड्याएवढा. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. रागावले नसतानाही ते रागावल्यासारखे दिसायचे, आणि रागावले की काही सांगायची सोयच नसायची.

त्यांचा पट मात्र बघण्यासारखा होता. काळी फौज पूर्ण, शिसवी, तेलपाण्याने चमकणारी. पांढऱ्या फौजेत तेव्हा लाकडी मोहरे फक्त पाच उरले होते. बाकीच्या जागी बोल्ट, नट, दगडाचे तुकडे आणि एक औषधाच्या बाटलीचं बूच. मला आधी वाटलं म्हातारा चिकट आहे. मग क्लब सांभाळणाऱ्या पटले सरांनी एका कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "इनका छोटा भाई है तिरोडी में, सुखदेव. दोनों में बोलचाल बंद है. ये हर बुद्ध पूर्णिमा को बोर्ड लेकर जाते हैं कि एक बाजी खेल ले. वो एक सफेद मोहरा निकालता है, हथौड़े से चूरा करता है, और इनको भगा देता है."

"दरवर्षी?"

"हर साल. और ये हर साल जाते हैं."

का, ते पटले सरांनाही ठाऊक नव्हतं. विचारण्याची कोणाची छाती नव्हती. एवढं मात्र सगळा क्लब जाणून होता, की या माणसाला जगात एकच गोष्ट हवी आहे. भावाने एकदा समोर बसावं.

मला खेळायला त्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे छळलं. माझा दोष असा, की हात डोक्याआधी चालायचा. समोरच्याने चाल केली रे केली, की माझी बोटं मोहऱ्यावर. देवाजींनी आधी शिव्या घातल्या. मग टेबलाखालून माझ्या पायावर लाथ मारायला लागले. एकदा नडगी काळीनिळी झाली तेव्हा मीही त्यांना उलट लाथ मारली. ते एकदम खूश झाले, आणि पुढच्या रविवारी ब्लास्टिंगची जुनी पिवळी वायर घेऊन आले. माझं उजवं मनगट त्यांनी खुर्चीच्या हाताला बांधलं.

"चालीआधी गाठ सोड. चाल झाली का वापस बांध."

"डाव्या हाताने?"

"मंग काय माह्या?"

सहा महिने मी तशी खेळले. गाठ सोडायला अर्धं मिनिट लागायचं, आणि त्या अर्ध्या मिनिटात नव्वद टक्के वेळा मला दिसायचं की मी जी चाल करणार आहे ती मूर्खपणाची आहे. मनगटावर वळ उठायचे. लॅबमध्ये लोक माझ्याकडे आणि मला सोडायला येणाऱ्या नवऱ्याच्या स्कूटरकडे संशयाने बघायला लागले. पण माझं हरणं थांबलं. आधी बरोबरी व्हायला लागली, मग एकदा बँकेच्या साहेबांना हरवलं, मग पटले सरांना.

"पाह्य," ते म्हणायचे, "भोक पाडाचं, दारू भराची, माती ठोकाची, दूर जाचं, मंग बत्ती द्याची. तू काय करते? भोक पाडते अन तिथंच उभी राहून बत्ती देते. मंग म्हनते, हात काहून गेला!" आणि एखादी चाल कळली नाही तर हात लावायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं. भरलेलं भोक फुटलं नाही, तर खाणीत अर्धा तास त्याच्या जवळ जात नाहीत.

त्यांनी क्लबात एक रिवाज पाडला होता. आम्ही सगळे आपापल्या चाली कागदावर लिहीत असू. जो हरेल त्याने उभं राहून तो कागद पहिल्या चालीपासून मोठ्याने वाचायचा. वाचता वाचता चूक आली, की देवाजी टेबलावर मूठ आपटायचे. "इथं मेला तू!" पट उडायचा, मोहरे जमिनीवर, चहा भिंतीवर. त्यामुळे कोणी हार वाचायला उभं राहिलं, की बाकीचे आधी आपापले ग्लास उचलून हातात धरायचे. स्वतः देवाजी क्लबात कधी हरले नाहीत, म्हणून त्यांना वाचताना कोणी पाहिलं नव्हतं.

मला त्यांचा खरा राग आला तो गोंदियाच्या स्पर्धेत. शेवटची फेरी होती. तो डाव जिंकले असते तर महिलांच्या बक्षिसात माझं नाव आलं असतं, आयुष्यात पहिल्यांदा. समोर एक गळ्यात साखळी घातलेला तगडा गडी होता. त्याने वजिराला हात लावला, वजीर मरतोय हे पाहिलं, आणि हात काढून प्यादं सरकवलं. हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो, हा नियम शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. मी पंचांना बोलावलं. पंचांनी पाहिलं नव्हतं. तो गडी म्हणाला, "मॅडमना चश्मा लागला वाटते."

देवाजी दोरीपलीकडे प्रेक्षकांत उभे होते. पुढचं मी शांतपणे सांगू शकत नाही. ते दोरी ओलांडून आले, त्या गड्याचं मनगट धरून हात वजिरावर आपटला, त्याने डोक्याने देवाजींच्या तोंडावर धडक दिली, टेबल उलटलं, घड्याळ फुटलं, शेजारच्या दोन पटांवरचे डाव मिसळले. चार जणांनी देवाजींना ओढत बाहेर नेलं तरी ते लाथा झाडत होते. माझ्या माणसाने हात उचलला म्हणून पंचांनी मला हरवलं. मला! मी बरोबर होते, तरी.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. राजेगावला बस चहाला थांबली तेव्हा मी फुटले.

"काका, तुम्ही माझा डाव मारलात. त्या साखळीवाल्याने नाही, तुम्ही! कोणी तुम्हाला सांगितलं होतं मध्ये यायला?"

त्यांचा ओठ फाटून सुजला होता. चहा लागत होता, तरी पीत होते. मग म्हणाले, "माह्या हातानं सगळ्यात पह्यले सुख्याले मारलं."

हे नीट कळायला एक सांगायला हवं. आपल्याकडे जुन्या देशी खेळात राजाला एक सवलत असे. शह बसलेला नसेल तर डावात एकदाच राजा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शके. आता जगभर जे नियम चालतात त्यांत ही उडी नाही. देवाजी आणि सुखदेव वडिलांकडून देशी खेळ शिकले. पुढे खाणीतल्या एका इंजिनियरने देवाजींना नवे नियम शिकवले, आणि देवाजींना त्यांचं वेडच लागलं. सुखदेवला नव्या नियमांशी काही देणंघेणं नव्हतं.

"मी पुढच्या चालीले मात देनार होतो," देवाजी म्हणाले. "त्यानं राजा उचलला अन अडीच घर उडवला. मी म्हनलं, वापस घे, उडी नाई चालत. तो हासला. म्हने, मले बाबानं शिकवलं, तुह्या इंजिनियरनं नाई. दोनदा म्हनलं मी. तिसऱ्या खेपेले पट उचलला. त्या पटाले लोखंडी कोपरे होते."

"कुठे लागलं?"

"डावा डोळा. तिथंच फुटला. डंपर चालवत होता तो खानीत. एका डोळ्याच्या मानसाले कोन डंपर देते? मंग गेटवर बसवला त्याले, जन्मभर." त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "चार-पाच वर्स त मी तोंडच नाई दाखवलं. मंग जाऊ लागलो."

"माफी मागितलीत?"

"पाय धरले. त्याले माफी नाई पाह्यजे. दर साली मोहरा दगडावर ठेवते अन एकच विचारते, उडी बरोबर होती का नाई. मी म्हनतो, नियमानं नाई. एवढं म्हनलं का हातोडा मारते."

मला हसावं की रडावं कळेना. "अहो, मग म्हणून टाका ना एकदा, होती बरोबर! काय जातंय तुमचं?"

"खोटं बोलू?" ते इतक्या जोरात ओरडले की चहावाल्याने वळून पाहिलं. "डोळा मी फोडला, हौ. फाशी देऊन टाका मले. पन उडी नियमात नाई त नाई!"

असा हा माणूस होता. भावाच्या पायावर डोकं ठेवायला तयार, पण एका चालीबद्दल तडजोड करायला तयार नाही. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांच्या डोक्यात तो चहाचा ग्लास घालावा असंही वाटलं.

पुढच्या पौर्णिमेला घोडा गेला. त्याच्या पुढच्या वर्षी एक प्यादं, मग दुसरं. हत्ती फुटला त्या वर्षी देवाजी परत आले ते तीन रविवार क्लबात फिरकलेच नाहीत. पांढऱ्यात आता राजा तेवढा लाकडाचा उरला होता. त्यांनी तो मला दाखवला, बोटाएवढा, मुकुटावर बारीक टवका गेलेला.

"औंदा हा फुटला का संपलं," ते म्हणाले. "मंग कायले जाऊ?"

त्या वर्षी मी त्यांच्यासोबत गेले. बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हणाले नाहीत. कटंगीला बस बदलून आम्ही भर उन्हात तिरोडीला पोचलो. सुखदेवकाकांच्या घरावर पंचशील ध्वज नवा लावला होता, अंगणात लिंबाखाली बाजा टाकल्या होत्या आणि त्यांवर शेजारपाजारचे लोक येऊन बसले होते. दरवर्षीचा हा कार्यक्रम त्यांना पाठ होता. बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी लोक हातोडा बघायला जमतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

सुखदेवकाका वाळलेले, उंच. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती मिटलेली कातडी. त्यांची बायको शांताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आंधी चाय पेऊन घ्या. मंग काय फोडाचं ते फोडा."

चहा झाला. सुखदेवकाका घरातून हातोडा घेऊन आले. पायरीशी एक काळा दगड होता, मधोमध पांढुरका पडलेला. पंधरा मोहरे त्याच्यावर फुटले होते.

"कोनता उरला?"

"राजा," देवाजी म्हणाले.

"ठेव."

देवाजींनी राजा दगडावर ठेवला. सुखदेवकाकांनी हातोडा खांद्यापर्यंत उचलला.

"सांग. उडी बरोबर होती का नाई?"

मी मनात म्हणत होते, म्हणा हो, एकदा म्हणून टाका. देवाजींच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो ते पुसत नव्हते.

"नियमानं..." ते म्हणाले.

हातोडा खाली आला. आणि त्याच क्षणी देवाजींचा उजवा पंजा राजावर पालथा पडला.

सुखदेवकाकांना हातोडा आवरता आला असता की नाही, मला आजही सांगता येत नाही. हाडं मोडल्याचा आवाज ओली काडी मोडल्यासारखा आला. दोन बोटं भलतीकडेच वळली, नखाखालून रक्ताची धार लागली आणि दगडावरून खाली वाहत गेली. शांताबाई किंचाळल्या. देवाजी ओरडले नाहीत. त्यांनी पंजा उचललाही नाही.

मी धावले. ओढणी फाडून हात गुंडाळला, आणि पर्समध्ये मनगट बांधायची ती पिवळी वायर अजून होती, तिने वरून करकचून बांधला. "दवाखान्यात चला, आत्ता," मी म्हटलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. भावाकडे बघत होते.

सुखदेवकाकांच्या हातातून हातोडा गळला होता. ते खाली बसले, रक्तात पडलेला राजा उचलला, आपल्या सदऱ्याला पुसला. उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मांड."

"काका, हाताचं तीन ठिकाणी हाड..."

"डाव होऊ दे," देवाजी म्हणाले. "तू लिहून घे."

मी काय करणार? मी कागद काढला. बोल्ट, नट, दगड, बूच आणि एक लाकडी राजा, एवढी फौज घेऊन सुखदेवकाका पांढऱ्याकडून बसले. देवाजी डाव्या हाताने खेळत होते. ओढणी लाल होत चालली होती. कोणी बाजेवरून हललं नाही. अठराव्या चालीच्या आसपास पांढरा राजा कोंडला जायला लागला. तेव्हा सुखदेवकाकांनी तो उचलला, आणि देवाजींच्या डोळ्यांत आपला एक डोळा रोखून, अडीच घरं उडवला.

देवाजींचा डावा हात वर गेला. मुठीसकट. क्लबात असतो तर मी ग्लास उचलला असता. ती मूठ खांद्यापाशी तशीच राहिली, किती वेळ, मी मोजलं नाही. मग ती उघडली. त्यांनी उंट उचलला आणि पुढची चाल केली. आमच्या लिहायच्या पद्धतीत राजाच्या तसल्या चालीला खूण नाही, म्हणून मी कागदावर सरळ "उडी" असं लिहिलं.

डाव देवाजी हरले. मग दवाखान्यात गेलो.

त्यानंतर ते तिरोडीलाच राहायला गेले, आणि तिथेच गेल्या थंडीत वारले. पण तिरोडीला जाण्याआधी एका रविवारी क्लबात आले होते, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. पाठोपाठ पट काखेत धरून सुखदेवकाका जिना चढून आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. पटले सरांनी विचारलं, "कौन हैं?" मी हळूच सांगितलं. सर उठून उभे राहिले.

देवाजींनी माझ्यापुढे डावा हात केला. "कागद दे."

मी दिला. कागदावर रक्ताचा वाळलेला डाग होता. ते मध्ये उभे राहिले आणि आपली हार पहिल्या चालीपासून वाचायला लागले, दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात. सगळ्यांनी सवयीने ग्लास उचलले. बँकेच्या साहेबांनी तर दोन्ही हातांनी धरला. अठराव्या चालीवर देवाजी थांबले. चष्मा वर केला.

"उडी," त्यांनी वाचलं. "राजा, ढाई घर."

साहेबांना राहवलं नाही. "काका, राजा ऐसे नहीं चलता."

देवाजींनी प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला, सावकाश, आवाज न करता. दाराकडे पाहिलं नाही.

"मेरे भाई का चलता है," ते म्हणाले, आणि पुढची चाल वाचायला लागले.